वावरातून समुद्राकडे : पहिल्यांदाच कोकणात जाणाऱ्या वऱ्हाडी घरांसाठी

आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यात कोणी कोकणात जायचं म्हटलं की पहिली चौकशी गाडीची होते. क्रूझर कोणाची, डिझेल किती, ड्रायव्हर कोण. मग चार दिवसांत गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, गोवा आणि येताना कोल्हापूर-पंढरपूर असा बेत शिजतो. पहिल्या खेपेला आम्हीही असंच केलं. चारातले अडीच दिवस गाडीत गेले. समुद्र दिसला तो बहुतेक खिडकीतून, आणि ज्या एका दुपारी खाली उतरलो ती नेमकी भर भरतीची. पाणी पायऱ्यांना लागलेलं, वाळू कुठे दिसेना. सासूबाई वरच्या पायरीवर बसून राहिल्या. "पाह्यलं बाप्पा पाणी," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. त्या सत्तरीच्या आहेत. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहायला आल्या होत्या.

दोन वर्षांनी आमच्या बचत गटातल्या अकरा जणी आणि सासूबाई अशा बारा बायका पुन्हा गेलो. एकाच ठिकाणी पाच दिवस राहिलो, आणि कोकण खरं तेव्हा पाहिलं. दोन्ही खेपांमधून जे कळलं ते इथे क्रमाने सांगते.

आधी तिथी, मग तारीख

शेतकऱ्याच्या घराला सुट्टी शाळा देत नाही, पीक देतं. दिवाळीत लेकरं मोकळी असतात तेव्हा आपल्याकडे सोयाबीनचं खळं आणि कापसाची वेचणी. तूर घरात आली आणि हरभरा सोंगायला अवकाश असला, की जानेवारीच्या शेवटी दहा-बारा दिवस सापडतात. तेव्हा नाही जमलं तर गहू-हरभरा निघाल्यावर मार्चमध्ये. दोन्ही काळ कोकणासाठी चांगले. मे महिन्यात हापूस भरात असतो हे खरं, पण गर्दी आणि घाम सोसायची तयारी हवी. पावसाळ्यात किनाऱ्यावर जाऊच नका. होड्या बंद, समुद्रातल्या किल्ल्यावर जाता येत नाही, आणि जून-जुलैत बोटींना मासेमारीची बंदी असल्यामुळे ताजी मासळीही बेताचीच.

गणपती आणि शिमगा या दोन सणांना मुंबईचा चाकरमानी गावी येतो. तेव्हा रेल्वेचं तिकीट मिळणं कठीण. मालवणकडे जाणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा केव्हा आहे तेही विचारून घ्या. ती साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते, पण तारीख पंचांगात ठरलेली नसते. देवीला कौल लावून ठरवतात. त्या आठवड्यात लाखो माणसं येतात आणि राहायला खोली मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी पहिल्या खेपेला आम्हाला कोणी सांगितली नाही. समुद्राला चोवीस तासांत साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते, आणि त्यांची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. ही वेळ चंद्रावर चालते, म्हणून ती घड्याळापेक्षा तिथीवरून लवकर कळते. कोकणातले म्हातारेकोतारे साधा हिशेब सांगतात: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितके वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्यातली तिथी बघून पेरणी, लग्न, वास्तू सगळं ठरवतो. समुद्राचीही भेट तिच्यावरच ठरवावी.

हा हिशेब धरला तर चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यांत सोयीचे. या दिवसांत संध्याकाळी साधारण साडेचार ते साडेसातच्या मधे ओहोटी असते. म्हणजे सूर्य मावळायच्या वेळी समोर रुंद, ओली, सपाट वाळू उघडी पडलेली असते आणि म्हाताऱ्या माणसालाही तिच्यावरून आरामात चालता येतं. सकाळीही लवकर ओहोटी असते. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहाला भरती, पाणी वर चढलेलं. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाण म्हणतात आणि ते दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला येतं. तेवढा वेळ घरात जेवणा-झोपेला ठेवा.

एकच तालुका निवडा

कोकण म्हणजे एक गाव नव्हे. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर खाड्या आणि वळणं यांमुळे तीन तासांचं होतं. म्हणून एक तालुका निवडा आणि तिथेच राहा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मालवण सुचवते. किल्ला, खाडी, सपाट किनारा, मासळीचा बाजार, सगळं दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे. लहान लेकरं असतील आणि मार्चमध्ये जाणार असाल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था यांनी ती अंडी राखायचं काम सुरू केलं, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पिल्लं समुद्रात सोडताना पाहता येतात. माळकरी मंडळी असतील तर गणपतीपुळे बरं. शाकाहारी जेवण सहज मिळतं, देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालता येते, आणि शेजारच्या मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर आहे. मात्र गणपतीपुळ्याच्या पाण्यात पोहायला उतरू नका. तो किनारा फसवा आहे आणि तिथे माणसं बुडाली आहेत.

जायचं कसं

यवतमाळ-अमरावतीकडून कोकण आठशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तीन वाटा आहेत.

पहिली, थेट रेल्वे. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेच्या मार्गाला लागते. आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि शनिवारी, ती धावत आली आहे. विशेष गाडी असल्यामुळे तिला थोड्या थोड्या काळाची मुदतवाढ मिळते, म्हणून बेत ठरवायच्या आधी ती चालू आहे का ते स्टेशनवर विचारा. बडनेऱ्याहून संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळ. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरून एसटीने तीसेक किलोमीटर जायचं. आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, त्या पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा.

दुसरी वाट आम्ही धरली ती. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस रोज असते आणि वर्धा, बडनेरा, अकोला इथे थांबते. कोल्हापूरला उतरून अंबाबाईचं दर्शन, रात्रीचा मुक्काम, आणि सकाळी एसटीने घाट उतरून मालवण. प्रवास लांबतो, पण म्हाताऱ्या माणसांची पाठ मोडत नाही. दुसरं म्हणजे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आधार कार्ड पिशवीत वरच ठेवा. घाटात उलटी होणाऱ्यांना पुढच्या बाकावर बसवा आणि निघताना पोटभर खाऊ घालू नका. आमच्या एकीने फोंडा घाटाच्या आधी दोन वडापाव खाल्ले आणि पुढचा सगळा घाट तिने पदर तोंडाला लावून काढला.

तिसरी वाट स्वतःच्या गाडीची. अलिबाग-दापोलीकडे जायचं असेल तर वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा किंवा मालेगावहून समृद्धी महामार्गाला लागा. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे पूर्ण खुला झाला आहे. टायर जुने असतील तर समृद्धीवर जाऊ नका, आणि ड्रायव्हरला दर दोन तासांनी खाली उतरवा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो. मालवणकडे जायला मात्र आर्णी, उमरखेड, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर हा रस्ता बरा. आपला ड्रायव्हर सपाटीवर कितीही तरबेज असला तरी त्याला रात्री घाट उतरायला लावू नका. संध्याकाळ झाली तर कोल्हापुरातच थांबा.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम घ्या. मालवण तालुक्यात तारकर्ली, देवबाग, आचरा इकडे बरीच घरं न्याहारी-निवास चालवतात. मालकीणबाई स्वतः रांधतात आणि समुद्राची वेळ विचारली तर तोंडपाठ सांगतात.

फोनवर इतकं विचारा: किनारा चालत किती मिनिटांवर, जेवण खोलीच्या भाड्यात की वेगळं, माळकरी माणसासाठी वेगळी भांडी मिळतील का, संडास इंग्रजी की देशी, कारण गुडघे दुखणाऱ्या बायकांना त्यावरच सगळा मुक्काम सोसतो किंवा सोसत नाही. आणि एसी आहे का. मार्चनंतर जाणार असाल तर हे नक्की विचारा. कुलरवर विसंबू नका. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत कुलर गारवा देतो, कारण आपली हवा कोरडी असते आणि वाळ्याच्या पडद्यातलं पाणी भराभर उडतं. कोकणात हवेतच पाणी भरलेलं. तिथे पारा तेहतीसच्या पुढे फारसा गेला नाही तरी घाम अंगावरून हटत नाही आणि कुलर नुसती ओली हवा फेकतो. आपण उन्हाची सवय असलेली माणसं म्हणून निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन बसतो. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी दिवसातून दोनदा तरी पोटात जाऊ द्या.

पाण्याबद्दल आणखी एक. कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या तिप्पट. तरी एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून समुद्राकडे निघून जातं. यजमानांनी बादली मोजून दिली तर राग मानू नका. टँकरची वाट पाहणं आपल्यालाही काही नवीन नाही.

बांधाबांध

सुती कपडे थोडे जास्त घ्या, वाळायला वेळ लागतो. सोनं घरी ठेवा. लाट मागे जाताना गळ्यातली पोत आणि पायातलं जोडवं दोन्ही ओढते. पायाला पट्टा असलेली चप्पल, डोक्याला दुपट्टा, ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी. रोज लागणारी औषधं पुरून उरतील इतकी. रोकड थोडी जवळ असू द्या, कारण मोबाइलला रेंज नसली की पैसे भरता येत नाहीत. आणि दोन किलो ज्वारीचं पीठ. का ते पुढे सांगते.

पाण्यात उतरण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका.

आपल्याकडची पोरं विहिरीत, अडाण-पैनगंगेच्या डोहात पोहून तयार झालेली असतात. त्यांनाच समुद्राचा धोका जास्त, कारण त्यांना भीती वाटत नाही. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. नदी एका दिशेला ओढते आणि काठ दोन्ही बाजूंना असतो. समुद्र आत ओढतो, आणि पलीकडे काठ नाही. ओहोटीच्या वेळी, म्हणजे पाणी मागे सरत असताना, ती ओढ वाढते. भरती हळूहळू चढत असताना, गुडघ्याइतक्या पाण्यात, किनाऱ्याकडे तोंड न करता लाटेकडे नजर ठेवून उभं राहा. लाटेकडे पाठ करून फोटो काढू नका.

दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गढूळ दिसतंय, तर ती जागा सुरक्षित वाटते. खरं तर पाणी तिथूनच आत परत जात असतं. तिथे कोणी ओढला गेला तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करू नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं आणि मग लाटेबरोबर किनाऱ्याला यावं. पोहता येत नसेल तर हात वर करून ओरडावं आणि तरंगत राहावं. पोरांकडून हे घरी असतानाच दोनदा वदवून घ्या. कोणाला वाचवायला दुसऱ्याने लगेच उडी घेऊ नये. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं, जीवरक्षकाला हाक मारावी, ११२ ला फोन लावावा.

बायकांसाठी: साडी नेसून कमरेइतक्या पाण्यात जाऊ नका. भिजलेली साडी जड होते आणि पायांत गुंडाळते. आमच्यातल्या सगळ्याजणींनी आयुष्यात पहिल्यांदा सलवार-कुडते घातले, काहींनी लेकींचे मागून आणले होते. पहिला अर्धा तास एकमेकींकडे बघायला लाज वाटली, मग कोणालाच आठवण राहिली नाही.

खडकांवर अनवाणी चढू नका. त्यांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या लागतात. खडकावर पिशव्या ठेवून दूर जाऊ नका. माझ्या जाऊबाईंनी पिशवी एका कोरड्या कातळावर ठेवली आणि आम्ही शंख वेचत पुढे गेलो. तासाभराने वळलो तर तो कातळच दिसेना. पिशवीत बीपीच्या गोळ्या होत्या. त्या संध्याकाळी मालवणात औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळवायला धावाधाव झाली. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

दिवस कसे घालवायचे

पहिल्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. सामान ठेवा, चहा घ्या आणि ओहोटीच्या वाळूवर जाऊन बसा. सासूबाई या खेपेला पाण्यापर्यंत चालत गेल्या. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकल्या. मग बराच वेळ समोर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी हाय, अन् एका वावराच्या कामाचं नाही." कोरडवाहू शेतीत जन्म काढलेल्या बाईने दुसरं काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या बंदरावरून होड्या सुटतात, दहा-पंधरा मिनिटांत पोचवतात आणि पाहायला साधारण तासभर देतात. अंगावर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी याचं बांधकाम सुरू करवलं. होडीतून समोर नुसता तट दिसतो, दरवाजा कुठे आहे ते अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. तो मुद्दाम तटाच्या वळणात लपवला आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे-पायाचे ठसे दाखवतात. पण आमच्या बायका सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या त्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींपाशी. चारही बाजूंना खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्या गावातले कित्येक बोअर पाचशे फुटांवर कोरडे गेले आहेत, त्यामुळे तिथून पाय निघेना. २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले त्यांत हा आहे. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गही आहेत.

तिसऱ्या दिवशी पहाटे रापण बघा. आधी कुठे ओढणार आहेत ते यजमानांना विचारून ठेवा, रोज असतेच असं नाही. होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोलात सोडलेलं असतं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर. दोन रांगांमध्ये माणसं दोर खांद्यावर घेऊन मागे मागे सरकतात, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. विचारलं तर तुम्हालाही दोर धरू देतात. दोर खाऱ्या पाण्याने ताठ आणि खरखरीत झालेला असतो, दहा मिनिटांत तळहात लाल होतात. आमच्या एका मावशीने दोर धरला तो सोडलाच नाही. तिने लहानपणी मोटेचा नाडा धरलेला होता. पाय कसे रोवायचे ते तिला शिकवावं लागलं नाही. शेवटी जाळ्याचा झोळ वर येतो आणि वाळूवर चांदीसारखी मासळी उडायला लागते. बांगडे, तारल्या, मधेच एखादा खेकडा. वाटे पडतात, तेव्हा मधे घुसून फोटो काढू नका. ते त्यांचं खळं आहे.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. होडीवाला ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटावर नेतो. पाण्याखाली जाऊन प्रवाळ पाहायचं, पॅराशूटला लटकायचं, ही सगळी सोय तिथे आहे. तरुण पोरांना जाऊ द्या, दमा-बीपीवाल्यांनी राहू द्या. भाव आधी ठरवा.

एक दुपार बागेसाठी ठेवा. शेतकऱ्याने कोकणात जाऊन वाडी पाहिली नाही तर अर्धं कोकण राहिलं. माडाच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेली मिरीची वेल, खाली केळी. एकाच जागेवर तीन मजले. आंब्या-काजूची कलमं जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे करून, त्यात बाहेरून माती भरून लावलेली असतात. आपली काळी कसदार माती आठवून माझ्या जाऊबाई गप्पच झाल्या. काजूत रस असेल तर वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र बघा. वेंगुर्ला नावाच्या काजूच्या जाती तिथल्याच.

हिवाळ्यात गेलात आणि गावात दशावताराचं नाटक असलं तर जागून पाहा. देवळाच्या आवारात रात्री उशिरा सुरू होतं, बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. आपली दंडार पाहिलेल्या माणसाला ते पहिल्या घटकेत आपलंसं वाटतं.

जेवण

तिखटाची सवय असलेल्या आपल्या जिभेला पहिल्या दिवशी तिथलं कालवण सौम्य वाटतं. खोबरं जास्त, तर्री नाही. धीर धरा. मासळी कधी खाल्ली नसेल तर सुरमईच्या तळलेल्या तुकडीपासून सुरुवात करा, मधे एकच मोठा काटा असतो. मग बांगडा. आपल्याकडे ज्यांना रोहू-कतल्याचा काटा काढायची सवय आहे, त्यांना अवघड जाणार नाही. कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या), खेकडा पहिल्यांदा थोडेच खाऊन बघा. काहींच्या अंगावर पित्त उठतं. थाळीबाहेरची मासळी मागवताना भाव आधी विचारा, तो रोज बदलतो. जेवण संपलं की सोलकढी घ्या, पोट शांत राहतं.

शाकाहारी जेवणाला तिथे शिवराक म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवला तर माळकऱ्यांचं काम सोपं होतं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात, मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ. यातलं एकेक पुरेसं आहे.

आता ज्वारीच्या पिठाचं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना भाकरीची आठवण येते. रोज दोन वेळा भात आपल्याला सोसत नाही. आम्ही यजमानीणबाईंना विचारलं, तर त्यांनी चूलच मोकळी करून दिली. माझी जाऊ भाकर थापायला बसली. यजमानीणबाई शेजारी बसून पाहत होत्या, त्यांची भाकरी तांदळाची, उकड काढून केलेली. "एवढी मोठी? आणि मोडत कशी नाय?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी बिडाच्या तव्यावर घावणे घातले. भिजवलेल्या तांदळाचं ताकासारखं पातळ पीठ, तवा चांगला तापलेला, त्यावर अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, पीठ कडेकडून मधे ओतायचं आणि झाकण. उचलल्यावर जाळी पडलेली. आम्ही नेलेला मिरचीचा ठेचा त्यांनी घावण्याबरोबर खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागितला. पिठाची उरलेली पिशवी त्यांच्याकडेच ठेवून आलो.

येताना

आमसुलं, कोकमाचं आगळ, मालवणी मसाला, काजू घ्या. आगळाची बाटली एसटीत सांडते, तिला दोन पिशव्या घाला. आंबे घ्यायचे तर मे महिन्यात अर्धवट पिकलेले घ्या, दोन दिवसांच्या प्रवासात पिकतात. जिवंत शंख-शिंपले आणू नका. पिशवीत मरतात आणि बडनेऱ्यापर्यंत सगळा डबा वास सोसतो.

समुद्राला खण-नारळ वाहायची इच्छा आमच्या बायकांना होतीच. वाहा, पण नारळ तेवढा पाण्यात सोडा. हळदी-कुंकवाच्या पुड्या, प्लास्टिकची पिशवी परत आणा.

पौर्णिमेच्या हिशेबाने गेला असाल तर शेवटच्या पहाटे साडेपाचचा गजर लावा. ओहोटी असते, वाळू ओली आणि निर्जन. आपल्याकडे सूर्य आणि चंद्र दोन्ही वावराच्या धुऱ्यामागे मावळतात; इथे तांबूस झालेला चंद्र थेट पाण्यात उतरताना दिसतो आणि त्याच वेळी पाठीमागे माडांच्या वर उजाडायला लागतं. सासूबाई हातातला तांब्या खाली ठेवून दोन्हीकडे आळीपाळीने मान वळवत उभ्या होत्या. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं. कुडाळची सकाळची एसटी धरायची असेल तर सामान रात्रीच बांधून ओसरीवर काढून ठेवा.